वाटेवरचे पथ्य

ज्ञानेश्वर महाराजांची पालखी फलटणला येते, तेव्हा गावात कुणी कुणाला ‘वारीला येणार का?’ असे विचारत नाही. ‘कुठवर येणार?’ असे विचारतात. कुणी बरडपर्यंत सोबत करतो, कुणी नातेपुत्यापर्यंत, कुणी थेट पंढरपूर गाठतो. आमचे अण्णा पंढरपूर गाठणाऱ्यांपैकी होते. आषाढात बुकबाइंडिंगचे दुकान दहा दिवस बंद, हे गिऱ्हाइकांनाही ठाऊक असे. बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी आणि पंढरपूर ही सात दिवसांची, शंभरावर किलोमीटरची चाल त्यांनी सतरा वर्षे केली.

१९९६ च्या वारीत त्यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याखाली फोड आला. बारा वर्षांच्या मधुमेहाने पायांची संवेदना मंदावली होती, त्यामुळे फोड आल्याचे त्यांना कळलेच नाही. फोड फुटला, जखम चिघळली आणि ते चिखलातून तसेच चालत राहिले. घरी परतले तेव्हा पायाला वास येत होता. आधी अंगठा गेला. तीन महिन्यांत गुडघ्याखालचा पाय गेला. पुढची सात वर्षे ते दुकानात बसून पुठ्ठे कापत राहिले, पण वारी संपली ती संपलीच.

भेटायला येणारे बहुतेक जण एकच वाक्य बोलून जात : ‘वाटेत पथ्य पाळायला हवं होतं.’ अण्णा मान हलवत. त्यांनी तो दोष स्वतःच्या माथी घेतला होता, आणि खरे सांगायचे तर मीही तो त्यांच्याच माथी ठेवला होता. हा लेख त्या एका वाक्याची तपासणी आहे.

घरी टिकते ते का टिकते?

अण्णा २००३ साली गेले. दुकान माझ्याकडे आले आणि दुकानाबरोबर त्यांच्या हिशेबाच्या वह्याही आल्या. या वह्यांच्या मागच्या पानांवर त्यांनी दर महिन्याच्या रक्ततपासणीचे आकडे लिहून ठेवले होते. १९९६ च्या आधीच्या दोन वर्षांत उपाशीपोटीचा आकडा १३० च्या वर गेलेला दिसत नाही. भाकरी किती, भात किती, सणाला पुरणपोळी अर्धी की पाऊण, याच्याही नोंदी आहेत. हा बेफिकीर माणूस नव्हता. मग सात दिवसांत असे काय झाले?

२०१५ साली मला मधुमेह निघाला आणि हा प्रश्न माझा स्वतःचा झाला. जुन्या मराठी छापील पुस्तकांच्या शोधात मला पुणे, मुंबई, नागपूर, हैदराबाद असे फिरावे लागते. घरी माझी साखर आज्ञाधारक असते. चार दिवस लॉजवर राहिलो की सकाळचा आकडा चाळीस-पन्नासने चढतो. चालणे बंद होते, जेवणाची वेळ दोन तासांनी सरकते, झोप मोडते. दर वेळी मी परतताना स्वतःला बोल लावत असे. पुढे लक्षात आले की प्रश्नच उलटा घालायला हवा. प्रवासात पथ्य का मोडते, याआधी घरी ते का टिकते, हे विचारले पाहिजे.

मी वैद्य नाही, डॉक्टर नाही. पुस्तके बांधता बांधता ती वाचण्याची खोड लागली, एवढीच माझी पात्रता. पण उत्तराचा पहिला धागा बांधणीला आलेल्या एका जीर्ण चरकसंहितेतच सापडला. सूत्रस्थानाच्या सहाव्या अध्यायात ‘ओकसात्म्य’ असा शब्द येतो. सतत सेवन केल्याने, सरावाने शरीराला जे मानवते, ते ओकसात्म्य. टीकाकार ‘ओक’ याचा अर्थ अभ्यास, म्हणजे सराव, असा लावतात. पण संस्कृतात ‘ओकस्’ म्हणजे घर. जळूला ‘जलौका’ म्हणतात, कारण पाणी हे तिचे घर. देवांना ‘दिवौकस’ म्हणतात, कारण स्वर्ग हे त्यांचे घर. सराव आणि घर एकाच शब्दात राहावेत, हे मला फार अर्थपूर्ण वाटले.

ही नुसती शब्दांची गंमत नाही. वेंडी वुड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात गेलेल्या विद्यार्थ्यांच्या व्यायाम, वृत्तपत्रवाचन, टीव्ही पाहणे या सवयींचे काय झाले, ते त्यांनी पाहिले. नव्या ठिकाणची परिस्थिती जुन्यासारखीच असेल तर सवय टिकली. परिस्थिती बदलली तर सवयीची पकड सुटली आणि ती गोष्ट मुद्दाम ठरवून करावी लागू लागली. म्हणजे सवयीचा बराच भाग आपल्या बाहेर असतो. पायरीजवळ ठेवलेल्या चपला, कुकरची शिट्टी, शेजाऱ्याची सकाळची हाक या गोष्टी आपल्याला ढकलत असतात. त्या मागे राहिल्या की सगळा भार इच्छाशक्तीवर येतो, आणि दिवसभराच्या प्रवासाने दमलेल्या माणसाकडे नेमकी तीच कमी असते.

झोपेचेही तेच. ब्राउन विद्यापीठातल्या मासाको तामाकी, युका सासाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली दाखवून दिले की अनोळखी जागी पहिल्या रात्री मेंदूचा एक भाग, त्यांच्या प्रयोगात डाव्या बाजूचा, दुसऱ्या बाजूपेक्षा कमी गाढ झोपतो आणि बारीक आवाजालाही जागा होतो. ‘नव्या जागी झोप लागत नाही’ ही आपल्या आज्यांची तक्रार म्हणजे लाडावलेपण नव्हे. घर मागे राहिले आहे, हे शरीराला कळलेले असते.

घर म्हणजे कोण?

हे सगळे वाचून २०१६ च्या दिवाळीत मी आईला अण्णांच्या वह्या दाखवल्या आणि म्हणालो, ‘इतका नेमाचा माणूस, पायाकडे कसं दुर्लक्ष केलं असेल?’

आई वाती वळत होती. मान वर न करता म्हणाली, ‘त्यांनी कधी बघितले होते पाय? मीच बघायचे की रोज.’

रोज रात्री दुकान बंद करून अण्णा आले की ती कोमट पाणी ठेवायची, पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून तेल लावायची. कुठे लाल दिसले, कुठे चिरले, तर तिलाच आधी कळायचे. या गोष्टीला ती औषधोपचार म्हणत नव्हती आणि अण्णांच्या वहीत तिची एका अक्षराने नोंद नव्हती. भाकरी मोजलेली होती. ती मोजून वाढणारा हात मोजलेला नव्हता. वारीला अण्णांनी धोतरे नेली, गोळ्या नेल्या, टाळ नेले. पाय बघणारी बाई घरी राहिली.

त्या दिवशी मला कळले की ज्याला आपण पुरुषमाणसे ‘माझे पथ्य’ म्हणतो, ते पुष्कळदा दुसऱ्या कुणाचे तरी काम असते. घर म्हणजे भिंती नव्हेत, आणि नुसती वेळापत्रकेही नव्हेत. मी हे आईला बोलून दाखवले नाही. तिने पुन्हा स्वतःला दोष लावून घेतला असता, ‘मी जायला हवं होतं’ म्हणून.

दिंडी : चालते घर

पुढच्या वर्षी, २०१७ साली, मी पहिल्यांदा अण्णांच्या वाटेने चालायला निघालो. एकटाच, कुठल्या दिंडीत नाव न घालता. पाय मी नीट जपले आणि दुसरीच चूक केली. घरी पहाटे गोळी घ्यायची आणि थोड्या वेळाने न्याहारी, हा माझा शिरस्ता. बरडहून निघालो त्या पहाटे गोळी घड्याळ लावून घेतली, पण न्याहारी कुठे होती? ती घरी, फलटणला राहिली होती. चार कोस चालण्याच्या आतच घाम फुटला, हात कापू लागले, समोरचे पताकांचे रंग एकमेकांत मिसळू लागले. माझ्या गोळ्यांत ग्लिमेपिराइड आहे. ते घेऊन उपाशी चालले की साखर धोकादायक खाली जाते, हे मी पुस्तकात वाचलेले होते.

रस्त्याच्या कडेला बसलो तेव्हा डोक्यावर तुळस घेतलेल्या एक मावशी थांबल्या. परभणीकडच्या होत्या. ‘माऊली, सकाळधरनं पोटात काय गेलंय का?’ एवढेच विचारून त्यांनी पिशवीतला गूळ काढून हातावर ठेवला, वर तांब्यातले पाणी दिले. पाव तासात मी माणसात आलो. त्यांनी मला त्यांच्या दिंडीत नेले आणि पुढचे पाच दिवस मी तिथेच राहिलो. शुद्ध पुस्तकी माणसाला जे दिसायला उशीर लागतो, ते मला तिथे दिसले.

आळंदीहून निघणाऱ्या पालखी सोहळ्याला आजचे शिस्तबद्ध रूप दिले ते एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी. ते ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी होते. छावणीची शिस्त भक्तीच्या कामी आली, असे म्हटले जाते ते पाहिल्यावर पटते. रथापुढच्या आणि रथामागच्या दिंड्यांना क्रमांक आहेत आणि कुणी कुठे चालायचे, हे ठरलेले आहे. पहाटे तुतारीच्या इशाऱ्यावर तळ हलतो. सकाळी भूपाळ्या, वाटेत वारावारांचे अभंग, संध्याकाळी हरिपाठ. मुक्कामाला समाजआरतीच्या वेळी चोपदाराने दंड उंचावला की लाखाचा समुदाय शांत होतो. विसावा कुठे, जेवण कुठे, मुक्काम कुठे, हे वर्षानुवर्षे तेच. दिंडीचा ट्रक पुढे जाऊन चुली पेटवतो. भिशीचे पैसे भरले की शेकडो माणसांबरोबर एकाच वेळी पंगतीला बसायचे. नव्या गावात ‘आता काय करू?’ हा प्रश्न माणसाला पडतच नाही. घरी जे काम पायरीजवळच्या चपला आणि कुकरची शिट्टी करते, ते इथे तुतारी आणि हरिपाठ करतात. रोज गाव बदलते आणि दिवस मात्र बदलत नाही.

मावशी वाटेत वाटले जाणारे केळे, बुंदी, चहा, लाडू यांना हात जोडून पुढे जात. ‘देणाऱ्याला पुण्य लागतं, घेणाऱ्याच्या पोटात दुखतं,’ हा त्यांचा हिशेब. आणि रात्री तंबूत कंदिलाच्या उजेडात दिंडीतल्या म्हाताऱ्या बाया एकमेकींचे पाय बघत. बोटाने दाबून, तेल चोळून, काटा रुतला असेल तर काढून. पहिल्या रात्री मावशी मलाही म्हणाल्या, ‘माऊली, पाय दावा.’ मला क्षणभर बोलता आले नाही.

पुरुषांच्या तंबूत असे कुणी करत नव्हते. अण्णाही याच तळांवर, अशाच तंबूंत झोपले होते.

या चालत्या घराचे गोडवे गाताना एक गोष्ट झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. घर म्हटले की उंबरठा आला. इरावती कर्वे यांनी ‘वाटचाल’ या लेखात एकाच दिंडीतल्या माणसांच्या जातवार वेगळ्या पंगतींबद्दल आणि त्यामुळे मनाला लागलेल्या बोचणीबद्दल लिहिले आहे. जुन्या काळी प्रवासातले स्वच्छतेचे पुष्कळ नियम सोवळ्याच्या नावाखाली पाळले गेले. आपला तांब्या आपल्यापाशी ठेवणे, ताजे शिजवलेले खाणे हे शरीराला हितकर होतेच. पण त्याच नियमाने शेजारच्या माणसाला विटाळ ठरवले. पथ्य ठेवायचे आणि विटाळ सोडायचा, ही निवड आजही करावी लागते.

एकट्याने न पाळता येणारे पथ्य

पाण्याची गोष्ट याहून मोठी आहे. आज पायाच्या फोडाची काळजी करणाऱ्या वारकऱ्याच्या पणजोबाला पटकीची धास्ती होती. पटकी म्हणजे कॉलरा. यात्रेला गेलेला माणूस परत येईल, याची खात्री नसे आणि गावोगावच्या मरीआईच्या देवळांना त्या भीतीचा इतिहास आहे. १८६५ साली हजयात्रेत पटकीचा मोठा उद्रेक होऊन ती युरोपात पोहोचली. १८६६ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. तिने पटकीचे मूळ हिंदुस्थानात सांगितले आणि यात्रा हे तिच्या फैलावाचे प्रबळ कारण ठरवले. लंडनमध्ये जॉन स्नो यांनी १८५४ सालीच दूषित पाण्याकडे बोट दाखवले होते. जंतूची ओळख रॉबर्ट कॉख यांनी इजिप्त आणि कलकत्त्यातल्या तपासणीतून १८८४ साली पक्की केली. चंद्रभागेच्या वाळवंटात लाखो माणसे उतरतात, तिथे एकाने कितीही नेम पाळला तरी वरच्या अंगाला बसलेल्या माणसाच्या हाती त्याचा जीव असतो.

तरी एकट्याच्या हातातही काही असते. सुश्रुताने गढूळ पाणी निवळण्याच्या साधनांत निवळीच्या बियांबरोबर वस्त्राचाही समावेश केला आहे. पाणी फडक्यातून गाळून पिण्याची आपल्याकडची रीत जुनी आहे. रीटा कॉलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशातल्या ६५ गावांत पाणी जुन्या सुती साडीच्या अनेक पदरांतून गाळायला लावून पाहिले. पटकीचा जंतू पाण्यातल्या सूक्ष्म प्राण्यांना चिकटून राहतो आणि ते प्राणी कापडात अडकतात. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पटकीचे रुग्ण ४८ टक्क्यांनी घटले. गाळलेले पाणी उकळलेल्या पाण्याची बरोबरी करत नाही. पण काहीच नसण्यापेक्षा जुनी साडी खूप काही आहे.

आणि आजार झालाच तर? १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांच्याकडे शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले. त्यांनी मीठ, साखर आणि खाण्याचा सोडा घातलेले पाणी पिंपांत भरून ठेवले आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच ते पाजायला सांगितले. सुमारे ३० टक्क्यांवर असलेले मृत्यूचे प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आले. औषध डॉक्टरांचे होते, घोट घोट पाजणारे हात आई-बहिणींचे होते. घरच्या घरी हेच करायचे तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, एवढे प्रमाण लक्षात ठेवावे.

माझी शिदोरी

२०१७ नंतर मी प्रवासाकडे वेगळ्या नजरेने पाहू लागलो. आता मी निग्रह करत नाही, बांधाबांध करतो. घरातली कोणती खूण मला कोणत्या सवयीकडे ढकलते, हे आधी कागदावर लिहितो आणि तिचा जोडीदार पिशवीत घालतो.

गोळीचा डबा मी खाण्याच्या डब्यातच ठेवतो. न्याहारी हातात आल्याशिवाय गोळी हातात येऊच नये, अशी ती सोय आहे. चालण्याच्या दिवसांत गोळीचे प्रमाण किती ठेवायचे, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारतो. स्वतः ठरवत नाही. वरच्या खिशात साखरेची पुडी असते. घाम, कंप, गोंधळ जाणवला तर तीन चमचे साखर, पंधरा मिनिटे बसणे, पुन्हा तपासणी आणि मग खाणे. इन्सुलिन घेणारे आमचे एक स्नेही ओल्या वाळूत ठेवलेल्या लहानशा मडक्यात कुपी ठेवून उन्हाळी प्रवास करतात. जोडे निदान महिनाभर वापरलेले, मोजे सुती आणि रोज कोरडे. फोड आला तर फोडायचा नाही, झाकायचा. आणि मधुमेह्याने तो त्याच दिवशी डॉक्टरला दाखवायचा.

चरकाने सवय बदलण्याची एक रीत सांगितली आहे : जुनी एकदम सोडू नये, नवी एकदम धरू नये, चौथ्या चौथ्या हिश्शाने पुढे सरकावे. वारीच्या आधी महिनाभर मी तेच करतो. उठण्याची वेळ थोडी थोडी अलीकडे आणतो, चाल थोडी थोडी वाढवतो. लॉजवर पहिली रात्र कच्ची जाणार, हे गृहीत धरून महत्त्वाचे काम दुसऱ्या दिवशी ठेवतो. घरची पांघरायची चादर बरोबर नेतो, तिच्या वासाने झोप लवकर लागते. हा माझा अनुभव आहे, शास्त्र नव्हे.

आणि पायांचे? त्यासाठी कोणतेही साधन पिशवीत मावत नाही. आरसा नेऊन पाहिला. दमलेला माणूस आरसा काढत नाही.

परभणीच्या मावशी चार वर्षांपूर्वीपासून वारीला येत नाहीत. पण आमच्या दिंडीत पुरुषांच्या तंबूतही आता रात्री एक कार्यक्रम असतो. सुरुवातीला हसणे झाले, चेष्टा झाली. जालन्याचे एक निवृत्त शिक्षक आणि मी, दोघेही मधुमेही, आम्ही सुरुवात केली. जेवणे उरकली की पाय धुऊन समोरासमोर बसायचे. बॅटरी मी धरतो तेव्हा ते माझे पाय बघतात, ते धरतात तेव्हा मी त्यांचे. यंदा तंबूत अशा नऊ जोड्या बसल्या होत्या. वेळापूरच्या मुक्कामी एका तरुण ट्रकचालकाच्या टाचेखाली खिळा घुसलेला सापडला. त्याला दुखत नव्हते. त्याला मधुमेह आहे, हे त्यालाही ठाऊक नव्हते. त्याच रात्री त्याला वैद्यकीय पथकाकडे नेले.

आई आता चौऱ्याऐंशीची आहे. वारीत रोज रात्री तिचा फोन येतो. जेवलास का, पाऊस आहे का, असे काही ती विचारत नाही. विचारते, ‘पाय बघितले का कुणी?’

मी सांगतो, ‘गुरुजींनी बघितले.’

‘आणि त्यांचे?’

‘मी बघितले.’

मग ती फोन ठेवते.